रॉबर्ट फर्ग्युसन : एडिनबरोच्या कवीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉबर्ट फर्ग्युसन कोण होता?

अठराव्या शतकातला स्कॉटिश कवी. जन्म एडिनबरोत, ५ सप्टेंबर १७५० रोजी. मृत्यूही तिथेच, ऑक्टोबर १७७४ च्या मध्यात. म्हणजे आयुष्य चोवीस वर्षं आणि सुमारे सहा आठवड्यांचं. पोटासाठी तो कचेरीत कागदपत्रांच्या नकला करायचा आणि उरलेल्या वेळात कविता लिहायचा. ज्या कवितांमुळे त्याचं नाव राहिलं, त्या त्याने स्कॉट्स भाषेत लिहिल्या. त्या जेमतेम तीसेक आहेत आणि त्यांतल्या बहुतेक १७७२ आणि १७७३ या दोनच वर्षांतल्या आहेत.

त्याची ओळख सहसा दोन वाक्यांत उरकली जाते. स्कॉटलंडचा राष्ट्रकवी मानल्या जाणाऱ्या रॉबर्ट बर्न्सच्या आधी होऊन गेला, आणि वेड्यांच्या इस्पितळात मेला. दोन्ही खरं आहे, पण एवढ्यावर थांबणं त्याच्यावर अन्याय आहे. फर्ग्युसन हा शहराचा कवी आहे. गटारं, मासळी, दारूचे गुत्ते, जत्रा, पोलिसांची दंडेली, खराब आवाजाची चर्चची घंटा, कपड्यांवरून माणूस जोखणारे लोक, हे सगळं त्याने कवितेत आणलं, आणि ते ज्या भाषेत बोललं जात होतं त्याच भाषेत आणलं. बर्न्स जन्मालाच आला नसता तरी फर्ग्युसन वाचावा लागला असता.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी याचा काही संबंध आहे का?

नाही. हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच, म्हणून सुरुवातीलाच घेतला. १८८५ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या कॉलेजला नाव दिलं ते मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. तेही स्कॉटिश आणि त्यांचाही जन्म एडिनबरोचाच, पण कवीच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी झालेला. त्यांचं घराणं एअरशायरमधलं, जमीनदारांचं. कवीचे आईवडील आले होते ॲबर्डीनशायरकडून, नोकरीच्या शोधात. आणखी एक घोटाळा ॲडम फर्ग्युसनच्या बाबतीत होतो. तो एडिनबरो विद्यापीठातला तत्त्वज्ञ, कवीचा समकालीन, पण माणूस वेगळा.

त्या वेळचं एडिनबरो कसं होतं?

हे आधी डोळ्यांसमोर आणलं नाही तर त्याच्या अर्ध्या कविता वाया जातात. एका कड्याच्या माथ्यावर किल्ला, तिथून खाली उतरत होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत जाणारा मैलभराचा रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारख्या फुटलेल्या अरुंद बोळी. जागा कमी, त्यामुळे शहर वर वाढलेलं. सात-आठ मजली दगडी इमारती आणि प्रत्येक इमारतीला एकच सामाईक जिना. त्या एका जिन्यावर तळाशी दुकानदार, मधल्या मजल्यांवर न्यायाधीश नाहीतर सरदारघराण्यातली विधवा, आणि अगदी वर शिंपी, हमाल, कारकून. मोठ्या लोकांना गरिबांपासून लांब राहण्याची सोयच नव्हती.

ही सोय होऊ लागली ती फर्ग्युसनच्या डोळ्यांदेखत. १७६७ साली जेम्स क्रेगचा नव्या शहराचा आराखडा मंजूर झाला. दरीपलीकडे सरळ, रुंद रस्ते आखले गेले आणि पैसेवाले हळूहळू तिकडे सरकू लागले. तिकडे जाण्यासाठी जो नॉर्थ ब्रिज बांधला, त्याच्या कामात जुन्या शहरातल्या काही बोळी पाडल्या गेल्या. त्यातलीच एक कॅप अँड फेदर क्लोज, म्हणजे फर्ग्युसनचं जन्मस्थान. शहरावर लिहिणाऱ्या कवीचं स्वतःचं घर शहराच्या विस्तारात गेलं.

त्याचं शिक्षण कुठे झालं?

वडील विल्यम हे हिशेबनीस, कमाई बेताची. पण मुलगा हुशार होता. आधी एडिनबरोच्या हायस्कुलात, मग शिष्यवृत्तीवर डंडीच्या शाळेत आणि १७६५ पासून सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्याचं शिक्षण झालं. विद्यापीठातली शिष्यवृत्ती योगायोगाने फर्ग्युसन आडनावाच्याच दात्याची होती.

तिथे अभ्यासापेक्षा उनाडक्यांचे किस्से जास्त आहेत. त्याचा आवाज चांगला, म्हणून विद्यापीठाच्या प्रार्थनेत गायनाचं काम त्याच्याकडे असे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची विनंती वाचून दाखवायची रीत होती. एकदा त्याने गंभीर चेहऱ्याने एका सहाध्यायाचं नाव घेतलं आणि अतिमद्यपानाने झालेल्या त्याच्या दुखण्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करावी असं जाहीर केलं. तो सहाध्यायी समोरच बसला होता. विद्यार्थ्यांच्या एका दंग्यानंतर त्याला काढून टाकण्याचीही वेळ आली होती, पण ते निभावलं. विल्यम विल्की हा प्राध्यापक त्याच्या पाठीशी असायचा. पुढे विल्की वारला तेव्हा फर्ग्युसनने त्याच्यावर स्कॉट्समध्ये शोकगीत लिहिलं.

१७६७ साली वडील गेले. पुढच्या वर्षी तो पदवी न घेताच घरी परतला.

मग नोकरी?

ॲबर्डीनशायरातला मामा बऱ्या स्थितीतला होता. त्याच्याकडे काही महिने काढले, पण दोघांचं फिसकटलं आणि तो परत एडिनबरोला आला. अखेर कमिसरी कोर्टाच्या कचेरीत नकलनविशी मिळाली. लग्नांचे खटले, मृत्युपत्रं, वारसा अशी प्रकरणं तिथे चालत. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा दिवसभर मेलेल्यांच्या मालमत्तेच्या याद्या उतरवून काढत होता. त्याच्या विनोदी कवितांत 'माझं मृत्युपत्र' आणि त्याला जोडलेली पुरवणी आहे. कचेरीची सगळी परिभाषा त्यात बिनचूक उतरली आहे. ती कुठून आली ते सांगायला नको.

त्याने लिहायला सुरुवात इंग्रजीत केली की स्कॉट्समध्ये?

विद्यार्थी असताना एका गणिताच्या प्राध्यापकाच्या मृत्यूवर त्याने स्कॉट्समध्ये थट्टेखोर शोकगीत लिहिलं होतं. पण छापायची वेळ आली तेव्हा तो इंग्रजीकडे वळला. १७७१ मध्ये वॉल्टर रडिमनच्या 'वीकली मॅगझीन'मध्ये त्याच्या ज्या पहिल्या कविता आल्या त्या इंग्रजी ग्रामगीतं होत्या. मेंढपाळ, बासरी, सकाळ, दुपार, रात्र. सगळं नेटकं आणि सगळं उसनं. त्या कविता आज कोणी आवडीने वाचत असेल असं वाटत नाही.

आणि २ जानेवारी १७७२ च्या अंकात 'द डाफ्ट डेज' ही कविता आली. नाताळापासून नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारपर्यंतचे मौजमजेचे दिवस, असा तिचा विषय. इथे फर्ग्युसनला त्याचा आवाज सापडला. वाचकांनाही ते कळलं, कारण पुढच्या दोन वर्षांत रडिमनच्या साप्ताहिकात त्याच्या कविता येतच राहिल्या. रडिमन त्याला मोबदला देत असे आणि वर्षाला कपड्यांचे दोन जोडही देत असे, असं चरित्रकार सांगतात.

स्कॉट्स म्हणजे गेलिकच ना?

नाही, या दोन अगदी वेगळ्या भाषा. गेलिक ही डोंगराळ भागातली केल्टिक भाषा. स्कॉट्स ही सखल भागातली, इंग्रजीच्या कुळातली, तिची सख्खी बहीण म्हणावी अशी. एकेकाळी ती राजदरबाराची भाषा होती. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा लंडनला गेला आणि १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसदही गेली. मग स्कॉट्स बोलणं हे अडाणीपणाचं लक्षण ठरू लागलं. डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्वज्ञाने इंग्रजीत टाळायच्या स्कॉटिश शब्दांची यादी केली होती. एडिनबरोतली विद्वान मंडळी घरात स्कॉट्स बोलत आणि छापताना एकेक शब्द निवडून काढत.

अशा गावात, अशा काळात, लॅटिन शिकलेला एक तरुण मुद्दाम स्कॉट्समध्ये लिहितो. हे अडाण्याचं लिहिणं नव्हतं. त्याने होरेस या रोमन कवीची एक ओड, म्हणजे गीतही, स्कॉट्समध्ये आणली आहे. त्याच्या आधी कवी ॲलन रॅमझीने ही वाट पाडली होती, पण रॅमझी १७५८ मध्ये वारला आणि त्यानंतर त्या तोलाचं कोणी उरलं नव्हतं.

त्याच्या कवितांचा तो विशिष्ट छंद कोणता?

त्याला 'स्टँडर्ड हॅबी' म्हणतात. हॅबी सिम्पसन नावाच्या एका पाइपवादकावर सतराव्या शतकात लिहिलेल्या शोकगीतामुळे हे नाव पडलं. सहा ओळींचं कडवं. पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी ओळ लांब आणि एकाच यमकाची. चौथी आणि सहावी तोकडी, वेगळ्या यमकाची. आज लोक त्याला 'बर्न्सचा छंद' म्हणतात, पण बर्न्सने तो घेतला त्यात फर्ग्युसनचा वाटा मोठा.

'द डाफ्ट डेज'चं पहिलं कडवं साधारण असं चालतं. चाल लक्षात यावी म्हणून मराठीत उतरवलंय, अचूकतेचा दावा नाही :

डिसेंबराचं तोंड काळं नि आंबट फार,
शेतांवरती डोळे वटारी वारंवार;
दिवसाचा तो इवला तुकडा, बाकी अंधार,
चिपडा सूर्य
मिणमिण उजेड, चोरपावली करतो पार
नित्याचं कार्य.

चौथ्या ओळीशी वाचणाऱ्याचा पाय अडखळतो आणि पुढच्या लांब ओळीत सावरतो. त्या अडखळण्यातच विनोदाला जागा मिळते. आणखी एक गंमत मूळ कडव्यात आहे, ती मला मराठीत आणता आली नाही. अस्सल गावरान शब्दांच्या मधोमध फर्ग्युसन 'मिनिमम' हा लॅटिन शब्द बसवतो, जणू विद्यापीठातला कोणी गुत्त्यात येऊन बाकावर बसला. हे तो सतत करतो.

'द डाफ्ट डेज'चा शेवट प्रसिद्ध आहे म्हणतात. का?

कारण तिथे तो मद्यदेवतेची प्रार्थना करतो. हे देवा, या शहरावर राज्य तुझंच. आम्ही झिंगून वेडेवाकडे वागू लागलो की त्या काळ्या टोळीपासून आमचं रक्षण कर. ही टोळी म्हणजे एडिनबरोचे सिटी गार्ड, तेव्हाचे पोलीस. बरेचसे निवृत्त सैनिक, त्यातही हायलंडचे गेलिक बोलणारे, हातात लांब दांड्याचा लोखाबर परशू. फर्ग्युसनला ते भयंकर आणि हास्यास्पद असे एकदमच वाटत. 'हालो-फेअर' या जत्रेच्या कवितेत ते एका दारुड्याला परशूने खाली पाडतात आणि त्यांचा हवालदार मोडक्या उच्चारात 'त्या पेताडाला आत आणा' म्हणतो. विनोद चांगला आहे, पण हायलंडच्या लोकांची ती टिंगल आज वाचताना थोडी टोचते. शहरी माणसाने खेड्यातून आलेल्या शिपायाला हसावं, तसली ती आहे.

'ऑल्ड रीकी'मध्ये नेमकं काय आहे?

ऑल्ड रीकी हे एडिनबरोचं लाडाचं नाव. चुलींच्या धुरामुळे पडलेलं. १७७३ मध्ये फर्ग्युसनने ही दीर्घकविता वेगळी पुस्तिका म्हणून छापली. तिची चाल जोडओळींची आहे आणि त्यात सकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचं शहर येतं.

सकाळचा भाग घ्या. अनवाणी मोलकरणी जिन्यावर हातात टमरेलं आणि बादल्या घेऊन उभ्या असतात. रात्रभराची घाण रस्त्यावर ओतायची ही तिथली रीत होती. फर्ग्युसन म्हणतो, नाक ताजंतवानं व्हावं म्हणून त्या मोठ्या मायेने एडिनाचे गुलाब आपल्यावर उधळतात. एडिना हे एडिनबरोचं काव्यमय नाव. ते त्याने नेमकं इथे वापरलं. मग येतात चहाड्या करणाऱ्या बायका, वकील, दुपारचे गप्पिष्ट, संध्याकाळचे पालखीवाले, रात्री दिव्याच्या खांबाला टेकून उभी असलेली वेश्या, चिखलात पडलेला छानछोकी बाबू. रविवारी हेच लोक लांब चेहरे करून चर्चला निघतात, तेही आहे.

वेश्येच्या ओळींपाशी थांबावं असं मला वाटतं. बाकी सगळीकडे चेष्टा करणारा कवी इथे सूर बदलतो. तिला तो दुष्ट म्हणत नाही, तिच्या वाट्याला काय आलं ते बघतो. जेमतेम तेवीस वर्षांच्या पोराची ही नजर आहे.

कालवं, कापड, घंटा... त्याचे विषय इतके किरकोळ का?

किरकोळ दिसतात, पण नाहीत. 'कालर ऑयस्टर्स' ही ताज्या कालवांवरची कविता. सप्टेंबर लागला की कालवांचा हंगाम. पावसात गटारं ओढ्यासारखी वाहत असतील आणि तुम्ही चिंब भिजला असाल, तर लकी मिडलमिस्टबाईंच्या खाणावळीत घुसा, कालवं आणि घोटभर जिन घेऊन उबेला बसा, असा सल्ला त्यात आहे. हे ठिकाण काउगेट भागात खरोखरच होतं. तिथे कारकूनही येत आणि सरदारही.

'ब्रेड क्लेथ' म्हणजे भारी लोकरी कापड. या कवितेचं म्हणणं एवढंच की चांगला सूट अंगावर असेल तर बाकी काही लागत नाही. तो कोबीवरच्या अळीचं फुलपाखरू करतो, डॉक्टरांना पदव्या मिळवून देतो. आणि सूट नसेल, तर शेक्सपियर किंवा न्यूटनइतकं डोकं असूनही लोक शंका घेणार. 'न्यूटन'शी 'सूट ऑन' हे यमक जुळवताना तो नक्की हसला असणार. स्वतःचे कपडे संपादकाकडून मिळवणाऱ्या माणसाने हे लिहिलंय, हे ध्यानात ठेवून वाचावं.

ट्रॉन चर्चच्या घंटेला त्याने शिव्या घातल्या आहेत. फरसबंदी पादचारी पट्टा आणि गाड्यांचा रस्ता यांचं भांडणही लिहिलं आहे, कोणाला जास्त त्रास होतो यावरून. शहर त्याच्याकडे तक्रार घेऊन येतं आणि तो लिहून घेतो.

त्याने राजकारणावर काही लिहिलं का?

लिहिलं, पण भाषणबाजी न करता. 'द गेस्ट्स' ही भुतांची कविता आहे. ग्रेफ्रायर्सच्या स्मशानात मध्यरात्री जॉर्ज हेरियट आणि जॉर्ज वॉटसन यांची भुतं भेटतात. दोघांनीही अनाथ आणि गरीब मुलांच्या शाळांसाठी मोठ्या देणग्या ठेवलेल्या. १७७३ मध्ये धर्मादाय संस्थांचा पैसा तीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांत घालायला लावणारं विधेयक आलं होतं. त्यावर ही भुतं हळहळतात. स्कॉटलंडचा पैसा लंडनला नेऊन गरिबांच्या पोरांचं नुकसान, हा मुद्दा फर्ग्युसनने मेलेल्या दात्यांच्या तोंडी घातला.

स्कॉटिश संगीताच्या मृत्यूवरही त्याचं शोकगीत आहे. इटालियन सुरावटींनी आपलं देशी संगीत मारलं, अशी त्यात तक्रार आहे. आणि एडिनबरोत गाजलेला इटालियन गायक तेंदुच्ची याच्याशी त्याची दोस्ती होती. १७६९ मध्ये तेंदुच्चीच्या ऑपेरासाठी फर्ग्युसनने गाणीही लिहून दिली होती.

डॉक्टर जॉन्सनशी त्याचं काय भांडण होतं?

समोरासमोर काहीच नाही. १७७३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन स्कॉटलंडच्या दौऱ्यावर आला. सेंट अँड्र्यूजच्या प्राध्यापकांनी त्याला थाटात जेवण दिलं. आपल्या कोशात ओट या धान्याची व्याख्या करताना 'इंग्लंडात घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात माणसं खातात' असं लिहिणारा हाच तो जॉन्सन.

फर्ग्युसनने लगेच साप्ताहिकात आपल्या जुन्या गुरुजनांना उद्देशून कविता छापली. मी तिथे असतो तर त्याला काय वाढलं असतं ते ऐका, म्हणून पूर्ण बेतच दिला. आधी मसाला आणि कांदा घालून रटरटवलेला जाडजूड हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस तिच्याच पोटात भरून शिजवलेला पदार्थ. मग मेंढीचं मुंडकं, केस जाळून भाजलेलं. मग पांढरे आणि रक्ताचे पुडिंग. परदेशी पक्वान्नं आणून पाहुण्याची खुशामत करण्यापेक्षा घरचं खाऊ घालायला लाजता कशाला, असा रोख. बर्न्सची हॅगिसवरची जगप्रसिद्ध कविता आली १७८६ मध्ये. ताटात तो पदार्थ फर्ग्युसनने आधीच वाढून ठेवला होता. जॉन्सनच्या जड लॅटिन शब्दांची नक्कल करणारी आणखी एक कविताही त्याने केली.

केप क्लब हा काय प्रकार होता?

एडिनबरोतल्या गुत्त्यांमध्ये भरणाऱ्या मंडळांपैकी एक. कारागीर, दुकानदार, चित्रकार, वकिलांचे कारकून असे सगळे एकत्र. प्रत्येक सभासदाला थट्टेची 'सर' पदवी. फर्ग्युसन १७७२ च्या ऑक्टोबरात सभासद झाला आणि त्याच्या गळ्यामुळे 'सर प्रिसेंटर', म्हणजे चर्चमध्ये स्तोत्रं उचलून धरणारा गायक, हे नाव मिळालं. चित्रकार अलेक्झांडर रन्सिमन आणि लोकगीतांचा संग्राहक डेव्हिड हर्ड हे त्याचे क्लबबंधू. विल्यम ब्रॉडीही त्यातच होता, जो दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि रात्री घरफोड्या होता आणि १७८८ मध्ये फासावर गेला.

तो मेला कसा?

१७७३ च्या अखेरीपासून तो खचत गेला. दारू आणि मंडळी सुटली, धार्मिक भीतीने मन घेरलं. बायबलातल्या जोबच्या तिसऱ्या अध्यायाचं, जिथे जोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, त्याचं पद्य रूपांतर त्याच्या कवितांत आहे. छापली न गेलेली हस्तलिखितं त्याने जाळल्याचं सांगतात. क्लबच्या मित्रांनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले.

१७७४ मध्ये तो जिन्यावरून पडला, डोक्याला जबर मार लागला. नंतर भ्रम इतका वाढला की विधवा आईला घरी सांभाळणं अशक्य झालं. मित्राकडे जायचं आहे असं सांगून त्याला पालखीत बसवलं आणि शहराच्या गरीबखान्याला जोडलेल्या 'बेडलम'मध्ये, वेड्यांच्या कोठड्यांत नेऊन सोडलं. दगडी फरशी आणि गवताचं अंथरूण. गवताचा मुकुट विणून तो स्वतःला राजा म्हणवत असे, असं चरित्रांत येतं. काही आठवड्यांत तो तिथेच गेला. कॅननगेटच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं आणि थडग्यावर दगडसुद्धा बसला नाही.

म्हणजे दारूनेच मेला ना?

एकोणिसाव्या शतकातल्या चरित्रकारांना असं सांगायला आवडायचं, त्यातून बोध निघतो म्हणून. पण नैराश्य, डोक्याचा मार आणि त्या काळची वेडाची 'व्यवस्था' यांचा हिशेब केल्याशिवाय दारूच्या माथी सगळं मारणं बरोबर नाही. त्याला बघायला गेलेल्यांपैकी एक डॉक्टर होता, अँड्र्यू डंकन. जे पाहिलं ते त्याला विसरता आलं नाही. माणसाला माणसासारखं ठेवणारं मनोरुग्णालय एडिनबरोत हवं, म्हणून त्याने पुढे वर्षानुवर्षं खटपट केली आणि १८१३ मध्ये ते मॉर्निंगसाइडला उघडलं. आजच्या रॉयल एडिनबरो हॉस्पिटलची सुरुवात तीच. त्या हॉस्पिटलात एका विभागाला फर्ग्युसनचं नाव आहे.

भारताशी त्याचा काही संबंध?

चुकलेला. त्याचा बर्नेट नावाचा शाळासोबती ईस्ट इंडिजला येऊन श्रीमंत झाला होता. त्याने फर्ग्युसनला इकडे बोलावलं आणि प्रवासखर्चासाठी शंभर पौंडांची हुंडी पाठवली, अशी हकीकत चरित्रकार देतात. पत्र पोचलं तेव्हा फर्ग्युसन मेला होता.

बर्न्सने त्याच्याकडून किती घेतलं?

पुष्कळ, आणि बर्न्सने ते कधी लपवलं नाही. १७८७ च्या एका आत्मचरित्रपर पत्रात त्याने लिहिलं आहे की आपण कविता जवळजवळ सोडलीच होती, फर्ग्युसनच्या स्कॉट्स कविता हाती आल्या आणि पुन्हा तारा जुळवल्या. 'द फार्मर्स इंगल' या शेतकऱ्याच्या चुलीपुढच्या संध्याकाळीवरून बर्न्सची 'द कॉटर्स सॅटरडे नाइट' आली. 'लीथ रेसेस'मध्ये कवीला घोड्यांच्या शर्यतीला घेऊन जाणारी आनंद नावाची मुलगी बर्न्सच्या 'द होली फेअर'मध्ये थोडं नाव बदलून भेटते. पादचारी पट्टा आणि रस्ता यांच्या भांडणाचं एअर गावातल्या दोन पुलांचं भांडण झालं.

'फार्मर्स इंगल' आणि 'कॉटर्स सॅटरडे नाइट' शेजारी ठेवून वाचा. मला फर्ग्युसनचीच उजवी वाटते. बर्न्सचं कुटुंब वाचकाकडे बघून पवित्र होतं. फर्ग्युसनची माणसं दमून येतात, जेवतात, भुताच्या गोष्टी सांगतात आणि दिवा विझला की झोपतात.

थडग्यावरच्या दगडाची गोष्ट काय आहे?

बर्न्स एडिनबरोत आला तेव्हा शहर त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं. तो फर्ग्युसनचं थडगं शोधायला गेला आणि तिथे काहीच खूण नव्हती. ६ फेब्रुवारी १७८७ रोजी त्याने कॅननगेटच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून स्वखर्चाने दगड बसवण्याची परवानगी मागितली. ज्याला काम दिलं त्या वास्तुकाराचं नाव रॉबर्ट बर्न. दगड १७८९ मध्ये उभा राहिला, साडेपाच पौंडांचं बिल बर्न्सने १७९२ मध्ये चुकतं केलं. उभारायला त्याला दोन वर्षं लागली, मग द्यायला मलाही दोन वर्षं लागली, असं त्याचं म्हणणं. दगडावरच्या चार ओळी बर्न्सच्या आहेत. जन्मसाल मात्र १७५१ कोरलं आहे, एक वर्षाने चुकीचं.

एक खोच यात आहे. बर्न्सचं कौतुक करण्यात पुढे असलेले एडिनबरोचे साहित्यिक फर्ग्युसनचं नाव काढत नसत. त्यांच्यातला मोठा माणूस हेन्री मॅकेंझी. त्याची 'द मॅन ऑफ फीलिंग' ही अश्रुपूर्ण कादंबरी तेव्हा खूप गाजत होती. फर्ग्युसनने तिच्यावर 'द साउ ऑफ फीलिंग' लिहिली. त्यात एक डुकरीण खाटकाने नेलेल्या नवऱ्यासाठी उच्च साहित्यिक भाषेत टाहो फोडते. खेड्यातल्या नांगऱ्याचं कौतुक करणं सोपं. आपल्याच शहरातला, आपल्यालाच हसलेला कारकून कसा पचावा?

पुढे आर. एल. स्टीव्हन्सन या एडिनबरोच्याच लेखकाला फर्ग्युसन फार जवळचा वाटे. १८९४ मध्ये सामोआहून त्याने मित्राला लिहिलं की त्या दगडाची स्थिती बघ, दुरुस्ती मी करवतो. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.

एडिनबरोला गेलो तर काय बघता येईल?

कॅननगेट चर्च रॉयल माइलवरच, म्हणजे किल्ल्यापासून उतरणाऱ्या त्या मुख्य रस्त्यावरच, राजवाड्याच्या बाजूला आहे. आवारात बर्न्सने बसवलेला दगड आहे. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथही तिथेच आहे आणि बहुतेक पर्यटक त्याच्यासाठीच आत येतात. बाहेर फुटपाथवर २००४ मध्ये डेव्हिड ॲनंडने केलेला फर्ग्युसनचा ब्राँझ पुतळा उभा आहे. चबुतरा नाही, चालता चालता तो तुमच्या खांद्याला लागेल असा, हातात पुस्तक, घाईत.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

'ब्रेड क्लेथ'पासून. लहान आहे, विनोद लगेच कळतो आणि छंद कानात बसतो. मग 'कालर ऑयस्टर्स' आणि 'द डाफ्ट डेज'. कविता इंटरनेटवर फुकट मिळतात, पण शब्दार्थ दिलेली आवृत्तीच घ्या, नाहीतर तिसऱ्या ओळीत कंटाळाल. अभ्यासकांसाठी मॅथ्यू मॅकडिआर्मिडने संपादित केलेले १९५४-५६ चे दोन खंड आहेत. नवख्या वाचकाला त्यांची गरज नाही. शक्यतो मोठ्याने वाचा. न कळलेले निम्मे शब्द उच्चारताच ओळखीचे इंग्रजी निघतात. इंग्रजी कविता सोडून दिल्या तरी चालेल, 'साउ ऑफ फीलिंग' तेवढी वगळू नका. आणि 'ऑल्ड रीकी' सुट्टीच्या दिवशी, एका बैठकीत.